पुण्याहून न येणारा पार्ट

अप्पा, दुकानात बसून एका कामाच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितोय. पुढच्या बाजूला लॅपटॉपचं मॉडेल, गिऱ्हाइकाचं नाव आणि ‘तक्रार’ असा रकाना आहे. त्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘जुनी सिस्टीम टाकणे’. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि पुढं मी उघडलेल्या लॅपटॉपांपुढं बसून दिवस काढीन असं तुम्हाला वाटलंही नसेल. तुम्हाला वाटायचं मी इंजिनियर होईन. तेवढं झालं नाही. तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. का सोडलं हे आईलाही नीट सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, पण आधी या लॅपटॉपचं सांगू द्या, कारण सगळं त्यातनंच वर आलंय.

आता आम्ही शहराबाहेर कुंभारीला राहतो, आई आणि मी. सकाळी गाडी काढतो, शहरातल्या सात रस्ता चौकाजवळ एका गाळ्यात दुरुस्तीचं दुकान आहे तिथं येतो. मालक माणूस चांगला आहे, शिकवतो, ओरडत नाही. पण त्याचा एक नियम आहे, तो मला त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितला. “हे बघ, काम करताना चुका होतात. पण गिऱ्हाइकाला ‘माझ्या हातनं बिघडलं’ असं कधी म्हणायचं नाही. ‘पार्ट पुण्याहून यायचाय’ म्हणायचं. तेवढ्यात आपण निस्तरतो, त्याला बी बरं, आपल्याला बी बरं.” मला तेव्हा हे लई हुशारीचं वाटलं होतं. मी मान डोलावली होती. तुम्ही समोर असता तर डोलावली असती का, सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी ती दुकानात आली. ती म्हणजे कॉलेजात माझ्या वर्गात होती ती. तिच्या घरी टॉवेलाचे आठ माग आहेत, घरात तेलुगू बोलतात, आणि टॉवेलावरची नक्षी आता तीच कॉम्प्युटरवर काढते. मला ती आवडते. हे तुम्हाला असं एका ओळीत लिहून टाकतोय, पण तिच्यापुढं तीन वर्षं एक शब्द काढता आला नाही. जे बोललो ते हातानं बोललो. वर्गातला एकजण तिच्याबद्दल काहीतरी घाण बोलला, मी त्याला जिन्यात धरून हाणला. त्याचा दात पडला. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आधी त्यानं मारलं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, तिनं सगळं पाहिलेलं. बाहेर आल्यावर मला वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, “मारायला मी सांगितलं नव्हतं. मारलंस ते मारलंस, वर खोटं कशाला बोललास? आता मला विचारलं तर मी काय सांगू, सांग की.” तिनं खरं सांगितलं. प्राचार्यांनी मला माफीची दोन ओळींची चिठ्ठी लिहायला सांगितली, मी कागद फाडून टेबलावर टाकला आणि कॉलेजच्या फाटकातनं बाहेर पडलो. परत गेलो नाही. वर्षभर आईला सांगत होतो, हजेरीचा घोळ झालाय.

तर ती आली आणि मला बघून न बघितल्यासारखं करून मालकाला म्हणाली, “या लॅपटॉपवर जुनी सिस्टीम टाकून पाहिजे. यांना जमेल का हो?” यांना! वर्गात शेजारच्या बाकावर बसणारी, मला ‘यांना’ म्हणाली. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. कानशिलं तापली. मालकानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “जमेल की. तासाभराचं काम आहे.”

काम असं होतं. त्यांच्याकडं नक्षी काढायचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते कॉम्प्युटरला एक छोटी चावी जोडली तरच उघडतं, आणि ते फक्त जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं, जिला आम्ही दुकानात नुसतं ‘सेव्हन’ म्हणतो. त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. या लॅपटॉपवर नवी सिस्टीम होती, तिच्यावर ते सॉफ्टवेअर तोंडसुद्धा उघडत नव्हतं. नव्या ऑर्डरची नक्षी अर्धी काढून झालेली, शनिवारी तिच्यावरून मागाची भोकांची कार्डं कापायला गेली नाहीत तर चार माग रिकामे उभे राहणार. सॉफ्टवेअर आणि चावी तिनं दुकानात ठेवली, आणि स्वतःच्या फायली आधीच पेनड्राइव्हवर काढून घेतल्या होत्या, तेवढी ती शहाणी आहे. शहाणा मी नव्हतो. ती दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली आणि मी त्या ‘यांना’च्या रागात लॅपटॉपची डिस्क पुसली. अख्खी. तिच्यावर कंपनीनं एका कोपऱ्यात ठेवलेला एक लपलेला भाग असतो, त्यात सगळे ड्रायव्हर असतात, तोसुद्धा. आत कुठल्या चिपा आहेत याची यादी घेतली नाही. चालू असलेल्या सिस्टीमला ते सगळं तोंडपाठ होतं, नुसतं विचारून कागदावर उतरवायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. मी ते केलं नाही.

ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे. लॅपटॉपच्या आत पडदा, आवाज, वायफाय, पेनड्राइव्हची भोकं असे वेगवेगळे भाग असतात, आणि त्यांची भाषा सिस्टीमला आपसूक कळत नाही. प्रत्येकाला एक दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. तुम्ही कसे टॉवेलाच्या कारखान्यात मालकाशी तेलुगू बोलायचात, मागावरच्या लोकांशी मराठी, आणि घरी आलात की कन्नड. तुम्ही एक दिवस रजेवर असलात की मालकाचा निरोप मागापर्यंत पोचायचाच नाही म्हणतात. तसं. लॅपटॉप नवा, सिस्टीम जुनी, दोघांची ओळख नाही आणि मधे दुभाषा नाही. सेव्हन टाकली, चालू झाली, आणि पडद्यावर अक्षरं एवढी मोठी की खिडकी पडद्यात मावेना. वायफाय नाही. आवाज नाही. यादी उघडली तर ओळीनं नऊ पिवळी उद्गारचिन्हं, आणि प्रत्येकापुढं एकच नाव: अनोळखी उपकरण. इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवावा तर इंटरनेटलाच ड्रायव्हर नाही. पेनड्राइव्हवरून द्यावा तर पेनड्राइव्हचं भोकच मेलेलं. शेवटी प्रत्येक वेळी मागचे अकरा स्क्रू काढायचे, डिस्क बाहेर काढायची, दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तिच्यावर ड्रायव्हर ठेवायचा, परत आत बसवायची. मंगळवारी चौथ्यांदा उघडताना एका स्क्रूचं डोकं घासून गेलं. मी स्क्रू-ड्रायव्हर भिंतीवर फेकला. मालक चष्म्यावरून बघून म्हणाला, “भिंतीला बी ड्रायव्हर लागतोय व्हय?”

आणि मग मी आणखी एक शहाणपणा केला. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर बसवतो अशी एक गठ्ठा फाइल मिळते, ती टाकली. तिनं कुठला तरी चुकीचा ड्रायव्हर बसवला आणि लॅपटॉप चालू केला की निळा पडदा, बंद. चालू, निळा पडदा, बंद. सोमवारी जे निदान दिसत होतं तेही गेलं. आणि नेमका तेव्हा तिचा फोन. “झालं का? तासाभराचं होतं ना?” दुकानात मालक होता, दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, “एक पार्ट खराब निघालाय. पुण्याहून यायचाय.”

तोंडातनं ते इतकं सहज आलं, अप्पा. जणू खरंच कुणी पुण्यात गाडीत बसवून दिलाय.

बुधवारी तिनं विचारलं, कुठला पार्ट? मी म्हणालो, चिप. म्हणाली, कसली चिप? म्हणालो, तुला नाही कळायचं. जी मुलगी दर वर्षी माझ्यापेक्षा दहा टक्के जास्त मिळवायची तिला मी म्हणतोय, तुला नाही कळायचं. फोन ठेवला आणि बसून राहिलो. एकदा तिच्यासमोर खोटं बोललो तर कॉलेज गेलं. आता दुसऱ्यांदा बोलतोय, आणि या वेळी जाण्यासारखं राहिलंय ते एकच. तिला कळलं, तर आता ती मला ‘यांना’सुद्धा म्हणणार नाही.

मग काहीच सुचेना म्हणून फॅन साफ करायला घेतला. हे आम्ही असंच करतो, डोकं चालेनासं झालं की फॅन साफ करायचा. झाकण काढलं तर पात्यांत धूळ नव्हती, कापूस होता. बारीक, मऊ, थोडा पांढरा, थोडा मरून रंगाचा. टॉवेलाचा कापूस. मागांजवळ ठेवून ती काम करत असणार. मी ब्रश खाली ठेवला. तुम्ही कामावरून आलात की तुमच्या भुवयांवर हाच असायचा. आई म्हणायची, “आधी तोंड धुवा, म्हातारे होऊन आलाय.” आणि तुम्ही मुद्दाम तसेच माझ्याजवळ येऊन भुवया माझ्या गालाला घासायचात. मी लहान असेन, पाच-सहा वर्षांचा. तो कापूस मी चिमट्यानं काढला आणि टेबलावर एका बाजूला ठेवला. आणि बसल्या बसल्या मला तो बीमचा दिवस आठवला.

मी सातवीत आहे. मे महिन्याची सुट्टी. तेव्हा आपण कारखान्याच्या मागच्या बोळात राहतो आणि दुपारचा डबा मी घेऊन येतो. तुम्ही जॉबर, म्हणजे माग बिघडला की सगळे तुमच्याकडं बघतात. बीमवरचं, म्हणजे मागामागच्या मोठ्या रुळावरचं, सूत संपत आलं की तुम्ही नवा बीम चढवायचात, ते बघायला मला आवडायचं. जुनं सूत तुम्ही कधी मुळापासून कापत नव्हतात. वीतभर ठेवायचात. त्या वीतभर जुन्या धाग्याला नव्या बीमचा धागा गाठीनं जोडायचा, एकेक करून सगळे, आणि मग जुन्यानं ओढून घेतलं की नवा आपोआप आपल्या जागेतून जातो. मला दाखवून सांगायचात, “ह्या जुन्या धाग्याला वाट म्हाईत हाय. त्याला इच्यारायचं. मुळापासनं कापला, की मग बस अडीच हजार धागे ओवत. निधान.” निधान म्हणजे हळू. मला तुमचा हा एक कन्नड शब्द सगळ्यात जास्त ऐकावा लागलाय. जेवताना निधान, जिना उतरताना निधान, रागानं रडताना निधान.

आणि त्या दिवशी तुम्हीच मुळापासून कापलं होतं. आई दवाखान्यात होती, डबा शेजारच्या काकूंनी दिलेला. तुमची दोन दिवस झोप नव्हती, हे मला नंतर कळलं. मी डबा घेऊन दारात आलो तेव्हा सगळे माग बंद होते. मला ती शांतता आधी कळलीच नाही, इतकी मला खडखडाटाची सवय. कारखान्याचा मालक मधे उभा होता. “कोण कापलं हे? कोण कापलं?” तुमच्या हाताखालचा माणूस पुढं व्हायला लागला होता, नवा होता, त्याला वाटलं असेल आपल्यावरच येणार. तुम्ही त्याला हातानं मागं केलंत. “मालक, माझ्या हातनं झालं. मी कापलं.” मालक बोलत राहिला. वीस वर्षं जॉबर म्हणवतोस, पहिलीतलं पोरगं चुकणार नाही असं चुकतोस, उद्यापासून कांड्यांवर सूत भरायला बस बायकांत. कुणीतरी हसलं. तुम्ही मान खाली घालून नव्हतात उभे, हे मला आज आठवतंय. तुम्ही मालकाकडं बघत होतात, आणि त्याचं संपायची वाट बघत होतात. त्याचं संपल्यावर तुम्ही मांडी घालून मागाखाली बसलात आणि पहिला धागा हातात घेतलात. तारेच्या बारीक डोळ्यातून, मग फणीच्या दातातून. मग दुसरा. अडीच हजार धागे तुम्ही दोन दिवसांत ओवलेत. त्यावर घरी एक शब्द बोलला नाहीत.

बुधवारी दुपारी मी लॅपटॉपवरचं सगळं परत पुसलं, आणि या वेळी मांडी घालूनच बसलो, खुर्चीवर. वाट माहीत असलेला धागा मी सोमवारीच कापला होता, तेव्हा आता एकेक ओवणं आलं. अनोळखी उपकरण म्हणून जे दिसतं ना, त्याच्या आत गेलं की एक लांब ओळ असते, आकडे आणि अक्षरं. ती त्याची ओळख: बनवणाऱ्याचा नंबर आणि त्याचा स्वतःचा नंबर. म्हणजे ते अनोळखी नसतंच; आपण विचारलेलं नसतं. नऊ ओळी मी कागदावर उतरवल्या, याच चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला आहेत. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकेक नंबर शोधायचा. या लॅपटॉपच्या कंपनीनं सेव्हनसाठी काही ठेवलेलंच नाही, पण तीच चिप दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या मॉडेलमधे असते, आणि त्यांनी ठेवलेलं असतं. आधी मुख्य चिपचा ड्रायव्हर, कारण बाकीचे सगळे तिच्यामागे. मग पेनड्राइव्हच्या भोकांचा. तो बसला आणि स्क्रू उघडायचं थांबलं. मग वायफाय. मग पडदा, आणि अक्षरं एकदम लहान होऊन जागच्या जागी गेली, तेव्हा मालक उठून बघायला आला. “बसलं की रे!” गुरुवारी संध्याकाळी चावीचा ड्रायव्हर अडला. त्यावरची कंपनीची डिजिटल सही नव्या पद्धतीची, जुनी सिस्टीम ती ओळखेना, म्हणून आधी तिला ती सही ओळखायला शिकवणारं अपडेट द्यावं लागलं. तेवढं होऊन चावीचा दिवा लागला. दोन दिवसांत मी एकदाही काही फेकलं नाही. मालक म्हणाला, “बरं नाही का वाटत तुला?”

आज सकाळी तो म्हणाला, “पोरीला फोन कर. पार्ट आला म्हणून सांग.” मी फोन केला, पण नुसतं ‘ये’ म्हणालो.

ती आली. चावी लावली, सॉफ्टवेअर उघडलं, पेनड्राइव्ह जोडला, तिची अर्धी नक्षी समोर आली: मधे मोठं फूल, कडेनं वेल, आणि वेलीला एका बाजूला पानंच नव्हती अजून. तिनं बोटानं ती जागा दाखवली, जणू लॅपटॉपला सांगतेय की इथं राहिलंय. मग म्हणाली, “छान. कुठला पार्ट होता मग?” मालक माझ्याकडं बघत होता. डोळ्यांनी सांगत होता, चिप, चिप म्हण.

“पार्ट नव्हता,” मी म्हणालो. “पुण्याहून काहीच यायचं नव्हतं. माझ्या हातनं झालं. सोमवारी रागात सगळं पुसलं, काही उतरवून न ठेवता.”

मालक उठून बाहेर चहा सांगायला गेला, न विचारता.

“मग चार दिवस मला का फिरवलंस?”

“भीती वाटली.”

“तुला?” ती म्हणाली. “जिन्यात नाही वाटली ती.” तिनं एक बटण दाबलं, परत दाबलं. “आवाज येत नाही याला.”

“आवाजाचा ड्रायव्हर तेवढा राहिलाय. नऊपैकी एकच. टॉवेलाला आवाज कशाला लागतोय?”

“टॉवेलाला नाही, मला लागतो. गाणी लावल्याशिवाय पानं काढता येत नाहीत मला.” लॅपटॉप पिशवीत घातला. दारात थांबली. “रविवारी माग बंद असतात. घरी येऊन टाकून जा. अप्पांना सांगून ठेवते.” तीही तिच्या वडलांना अप्पाच म्हणते, हे मला माहीत नव्हतं. “आणि त्यांनी विचारलं, कॉलेज का सोडलं, तर काय ते खरं सांग. ते खोटं लगेच ओळखतात.”

एवढंच झालं. यातनं फार काही निघेल असं मी धरून बसलेलो नाही. म्हणजे बसलोय, पण निधान. तिनं मला ‘तू’ म्हटलं, तेवढं आज मला खूप आहे. आज घरी गेल्यावर आईलाही सांगायचंय, जिन्यातलं आणि फाडलेल्या कागदाचं. ती रागावेल, आणि मग तुमच्या फोटोकडं बघेल. म्हणून त्याआधी तुम्हाला सांगतोय. ही चिठ्ठी मी दुकानातल्या फायलीत लावणार आहे, नऊ नंबरांसकट, पुन्हा तसलाच लॅपटॉप आला तर कामाला येतील. मागची बाजू कुणी वाचणार नाही.

एक राहिलं. त्या बीमच्या दिवशी डबा फाटकाजवळच्या कट्ट्यावर सापडला होता तुम्हाला, मुंग्या लागलेला. तुम्ही घरी येऊन विचारलंत, आत का आणला नाहीस, आणि मी म्हणालो, वॉचमननं अडवलं, आत जायचं नाही म्हणाला. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्याशी जाऊन बोललात. तो काय म्हणाला ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. पण त्यानंतर रोज दुपारी तुम्ही स्वतःच फाटकाबाहेर येऊन उभे राहायचात, कापूस लागलेल्या भुवयांनी, डबा घ्यायला, म्हणजे मला आत यावं लागू नये. वॉचमननं मला अडवलं नव्हतं, अप्पा. मी दारापर्यंत आलो होतो. मालक तुम्हाला बोलला, कुणीतरी हसलं, तुम्ही मागाखाली बसलात, आणि मी तुमचा मुलगा आहे हे कुणाला कळू नये म्हणून परत फिरलो.